प्लास्टर माहेरी, बूट सासरी

प्रिय मुली,

क्लबफूटच्या, म्हणजे जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळांच्या, ओपीडीत समुपदेशक म्हणून रुजू झाल्याचं तू कळवलंस आणि त्याच दमात विचारलंस, "ताई, पहिल्या भेटीत आईला नेमकं काय सांगायचं?" फोनवर दोन वाक्यांत उरकावं असं ते नाही, म्हणून लिहायला बसले. लांबलं तर सवडीने वाच.

पहिल्या भेटीत सांगायचं थोडं असतं, विचारायचं जास्त. तुझ्याकडच्या छापील फॉर्मवर बाळाचं वजन, जन्मतारीख, पाय डावा की उजवा की दोन्ही, घरात आणखी कुणाला असं आहे का, असे रकाने असतील. ते तू भरशीलच. पण फॉर्मवर नसलेला एक प्रश्न स्वतःच्या वहीत लिहून ठेव: बाई सध्या माहेरी आहे का, आणि सासरी परत कधी जाणार?

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते सांगते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी. बाळाचे पाय वाकडे आहेत हे आधी बघते ती बाईची आई. दवाखान्यात घेऊन येतो मामा, नाहीतर आजोबा. आठवड्याला एक याप्रमाणे पाच-सात प्लास्टरं होतात, ती सगळी माहेरच्या माणसांच्या डोळ्यांसमोर. दर खेपेला पाय थोडा बाहेर वळलेला त्यांना दिसतो. मग टाचेमागची शीर (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी) मोकळी करतात, शेवटचं प्लास्टर तीन आठवडे राहतं आणि पाय सरळ होऊन बाहेर येतो. तोवर बाळ अडीच-तीन महिन्यांचं झालेलं असतं. बाळंतविडा घेऊन बाई सासरी जायची वेळ नेमकी हीच, आणि पाय पुन्हा वळू नये म्हणून दांडीने जोडलेले बूट सुरू व्हायची वेळही हीच.

आता सासूच्या जागी उभी राहून बघ. तिने वाकडा पाय पाहिलेलाच नाही. बारशाला आली तेव्हा दुपट्याखाली झाकलेलं प्लास्टर तेवढं दिसलं. आता तिच्या मांडीवर येतं ते सरळ पायांचं गुटगुटीत नातवंड, आणि सून सांगते की याचे दोन्ही पाय तीन महिने दिवसाचे २३ तास लोखंडी दांडीला बांधून ठेवायचे. बाळ पहिल्या रात्री कळवळून रडतं. सासू बूट काढते. तिच्या जागी कुणीही काढेल.

तुझ्याकडे पुन्हा वळून येणारे पाय बहुतेक असे वळलेले असतील. पाय परत वाकडा होण्याचं सगळ्यांत मोठं कारण बूट न वापरणं हे आहे, हे देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. प्लास्टर डॉक्टर घालतात, पण बूट घरचे घालतात, रोज, बाळ चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. त्या घरात तू नसतेस. तुझं सगळं काम त्या घराची तयारी करून देण्याचं आहे, आणि ते बूट हातात पडायच्या दिवशी सुरू केलंस तर उशीर झालेला असतो.

म्हणून पहिल्याच दिवशी, प्लास्टरच्या आधी, बाळाच्या पायांचे फोटो काढायला लाव. तुझ्या फोनवर काढू नकोस, आईच्याच फोनवर. समोरून, मागून, तळव्याकडून. पुढे दर आठवड्याला प्लास्टर काढल्यावर एकेक. बायका आधी नको म्हणतात, वाकड्या पायाचा फोटो कशाला, नजर लागेल म्हणतात. त्यांना सांग की हे फोटो सासरी दाखवायचे आहेत: आधी फोटो, मग बूट. शेवटचं प्लास्टर निघणार त्या दिवशी सासूलाच बोलावून घे. नवरा आला तर चांगलंच, पण रात्री तीनला बाळ रडल्यावर बूट काढायचे की नाही हे घरात कोण ठरवतं, ते हेरून त्या माणसाला समोर बसव. येणं जमणार नसेल तर व्हिडिओ कॉल लाव. बूट चढवायला सुनेच्या आधी सासूला शिकव. तिला शिकवलं की ते काम तिचं होतं, आणि मग ती शेजारणीलाही ठणकावते.

प्लास्टरच्या आठवड्यांबद्दल तुला डॉक्टर आणि प्लास्टरवाले मामा शिकवतील. घरच्यांना काय खुपतं ते मात्र ते सांगणार नाहीत. सगळ्यांत जास्त खुपतं ते आंघोळीचं. सव्वा महिन्याच्या बाळाला रोज तेल लावून, डाळीच्या पिठाने चोळून, कढत पाण्याने न्हाऊ घालून, धुरी देऊन झोपवणं हे आजीचं हक्काचं काम. मांडीपर्यंतच्या प्लास्टरने ते बंद पडतं. आजी भांडते ती उपचारावर राग म्हणून नाही, तिचं बाळ पारोसं राहिलं म्हणून. यावर उपाय सोपा आहे. प्लास्टर काढल्यापासून नवं घालेपर्यंतचा वेळ तिला दे. कोमट पाणी, टब, आडोसा एवढं ओपीडीत मिळव, तेलाची बाटली ती घरून आणते. पंधरा-वीस मिनिटांत बाळ न्हाऊन, पिऊन शांत होतं, आणि शांत बाळाला प्लास्टरही नीट घालता येतं. या कामासाठी मोठ्या साहेबांच्या सहीची वाट बघू नकोस, वॉर्डातल्या मावशींना विचार.

आदल्या रात्री घरीच प्लास्टर भिजवून काढून आणणारे पुष्कळ भेटतील. तेवढ्या तासांत पाय थोडा मागे जातो, आठवड्याची कमाई वाया जाते. तेव्हा काढायचं ते इथेच. बोटांचं मात्र पाठ करून घे: पायाची बोटं रोज दिसली पाहिजेत. बोटं आत ओढली गेली म्हणजे प्लास्टर घसरलं. बोट दाबलं की पांढरं होऊन लगेच गुलाबी झालं पाहिजे. सुजलं, निळं पडलं, गार लागलं तर पुढच्या मंगळवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही. हे आईला तोंडी सांगून भागत नाही, तिच्याकडून एकदा बोट दाबून घे.

आणि शीर. "शीर कापणार" एवढे दोन शब्द ऐकले की निम्मे लोक पुढच्या आठवड्यात येत नाहीत. दहातल्या आठ-नऊ बाळांना ही छोटी क्रिया लागते, हे पहिल्या प्लास्टरलाच सांगून ठेव, ऐन वेळी नको. टाच वर ओढून धरणारी जाड शीर असते, भूल देऊन ती काही मिनिटांत मोकळी करतात. तीन आठवड्यांत ती लांब होऊन पुन्हा जुळते. पुढे पळायला लागणारी ताकद त्याच शिरेत येते. शेवटचं प्लास्टर तीन आठवड्यांचं असतं ते एवढ्यासाठीच. हे कळलं की बाप लोक शांत होतात. घाबरतात ते बापच जास्त, आया नाही, असं माझं निरीक्षण आहे.

ही पद्धत कुणी काढली ते एकदा तरी वाचून ठेव, कारण शिकलेला एखादा बाप विचारतो की ऑपरेशन का नाही, प्लास्टरसारखा जुनाट उपाय का. इग्नासिओ पोन्सेटी १९१४ साली स्पेनच्या मेनोर्का बेटावर एका घड्याळजीच्या घरी जन्मले. स्पेनच्या यादवी युद्धात डॉक्टर म्हणून जखमी सैनिकांची मोडलेली हाडं बांधली. शेवटी जखमींना घेऊन खेचरांच्या वाटेने पिरेनीज डोंगर ओलांडून फ्रान्सात गेले, तिथून मेक्सिकोला, आणि १९४१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवाला. लहानपणी मोठी ऑपरेशनं झालेले वाकडे पाय पुढे ताठ आणि दुखरे होतात, हे त्यांनी पाहिलं. म्हणून पायाची हाडं एकमेकांवर कशी फिरतात याचा अभ्यास केला आणि हलक्या हाताने, क्रमाक्रमाने वळवण्याची ही रीत बसवली. १९६३ साली निबंध छापला, पण हाडांच्या डॉक्टरांनी तो तीस वर्षं जवळजवळ बाजूलाच ठेवला. १९९५ मध्ये त्यांच्या जुन्या रुग्णांची तीस वर्षांनंतरची तपासणी छापून आली. त्यांतल्या ७८ टक्के लोकांचे पाय चांगले किंवा उत्तम होते. जन्मतः पाय सरळ असलेल्या लोकांत हेच प्रमाण ८५ टक्के निघालं, म्हणजे फरक फार नाही. मग इंटरनेट आलं आणि आईबापांनी एकमेकांना शोधून, ऑपरेशन नको म्हणून ही पद्धत डॉक्टरांच्या गळी उतरवली. पोन्सेटी २००९ मध्ये गेले. आईबापांच्या रेट्याने पुढे आलेला उपचार आहे हा. ओपीडीत आईबापांशी बोलताना हे आठवत राहतं मला.

बुटांकडे परत येते, कारण तुझे सगळे दिवस त्यातच जाणार आहेत. दोन बूट, मध्ये खांद्यांच्या रुंदीएवढी दांडी. वाकडा होता तो पाय ६० ते ७० अंश बाहेर, चांगला पाय ३० ते ४० अंश. पहिले तीन महिने २३ तास, उरलेला एक तास आंघोळीला आणि खेळायला. पुढे फक्त रात्री आणि दुपारच्या झोपेत, मिळून बारा-चौदा तास. एकच पाय वाकडा असेल तर हमखास विचारतात, "चांगल्या पायाला शिक्षा कशाला?" दांडी धरून ठेवायला दुसरा पाय लागतोच, एका पायात घातलेला बूट वाकड्या पायाला बाहेर वळवून ठेवू शकत नाही. हे बाहुली घेऊन दाखव, बोलून पटत नाही. युगांडात स्टीनबीक नावाच्या तंत्रज्ञाने चामडं आणि लोखंडी सळई वापरून स्थानिक चांभाराला करता येतील असे स्वस्त बूट तयार केले, तेच पुढे गरीब देशांत पसरले. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी तसेच मिळतात. दिसायला ओबडधोबड, कामाला चोख.

घालताना आधी टाच खाली बसवायची, मग मधला पट्टा आवळायचा, मग बाकीचे. टाच वर राहिली तर पाय बुटात सरकतो आणि फोड येतो. लालसर डाग पडणं ठीक, फोड येणं ठीक नाही. फोड आला म्हणजे बूट सैल बसतो आहे, घट्ट नाही. हे सगळ्यांना उलटं वाटतं, म्हणून पुन्हा पुन्हा सांग. डागावर खोबरेल लावायचं नाही, कातडी मऊ पडून आणखी सोलवटते. सुती मोजे, सुरकुती नसलेले. पहिल्या दोन रात्री बाळ रडणार हे आधीच सांग. ते रडतं ते पाय वेगवेगळे झाडता येत नाहीत म्हणून, दुखतं म्हणून नव्हे. दिवसा बुटांसकट त्याचे गुडघे धरून दोन्ही पाय एकदम वरखाली करायचा खेळ खेळायचा. तीन-चार दिवसांत जुंपलेल्या बैलजोडीसारखे दोन्ही पाय एका वेळी चालवायला ते शिकतं. नंतर तर बुटांनी पाळण्याच्या कडेवर असं बडवतं की घरातल्यांची झोप उडते.

पाय वळून परत आलेलं मूल आणणाऱ्या आईला बोलू नकोस. "बूट वापरले नाहीत ना?" हे पहिलं वाक्य तुझ्या तोंडून निघता कामा नये. ती आली हेच मोठं आहे. पाय पुन्हा प्लास्टरने बहुतेक सरळ होतो. थोड्या मोठ्या मुलांत कधी स्नायूची शीर जागा बदलून लावण्याचं ऑपरेशन लागतं. पण बोलणी खाल्लेली आई तिसऱ्यांदा येत नाही.

एक अभ्यास मला कायम टोचत आला आहे. पाय पुन्हा वळण्याचा संबंध आईबापांच्या कमी शिक्षणाशी दिसतो, असं त्यात लिहिलं होतं. वाचून काही जण म्हणतात, बघा, अडाणी लोक. मी ते उलटं वाचते. शिकलेल्यांना कळेल असंच आपण बोलत राहिलो, एवढाच त्याचा अर्थ.

आता दोषाचं. आई तुझ्याकडे येते तेव्हा तिच्या पदरात निदान आधीच पडलेलं असतं. गिऱ्हाणात पाय मुडपून झोपली. विळी हातात घेतली. सटवाईने लिहिलंच तसं. डॉक्टरांकडे ती हे बोलत नाही, तुझ्याकडे बोलेल, तेही प्लास्टर वाळत असताना, इकडेतिकडे बघत. तिला काय सांगायचं? जे खरं आहे तेच. हजारात साधारण एका बाळाला हे होतं. मुलींपेक्षा मुलांमध्ये दुप्पट. निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वाकडे असतात. आनुवंशिकतेचा थोडा हात आहे: एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला असेल तर दुसऱ्याला असण्याची शक्यता साधारण तीनांत एक. म्हणजे सगळं रक्तातून येतं असंही नाही, आणि एकच असं बोट दाखवण्याजोगं कारण बहुतेक बाळांत सापडत नाही. पाय आधी सरळच घडत असतो, साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात आत वळतो. हा हिशेब आजीला मात्र ऐकवू नकोस. ती पंचांग काढून पाचव्या महिन्यातलं ग्रहण शोधेल.

आजीशी ग्रहणावरून वाद घालून काही हाती लागत नाही. मी एवढंच म्हणते, "आजी, त्या ग्रहणात जिल्ह्यात किती बायका गर्भार होत्या? सगळ्यांची बाळं इथे रांगेत असायला हवी होती." काही जणी हसतात, काही फुगतात. पण आईने ते ऐकलेलं असतं, आणि ते तिच्यासाठीच होतं. दोष मानून बसलेली बाई बाळ झाकते. बाळ झाकणारी बाई बूट घातलेलं बाळ चारचौघांत नेत नाही. लग्नकार्यात, जत्रेत, देवदर्शनाला जाताना बूट काढते, मग ते काढलेलेच राहतात. म्हणून दोषाचं बोलणं मला कधी वेळकाढूपणा वाटलं नाही. बुटांचे तास त्यावर अवलंबून असतात.

इथवर लिहिलं ते ज्या बाळांचा फक्त पाय वाकडा आहे त्यांच्याबद्दल. तशी बाळं पाचांत चार. पाचवं बाळ वेगळं असतं. त्याच्या पाठीवर खळगा, केसांचा झुपका किंवा फुगवटा असेल, पायांना स्पर्श कळत नसेल, लघवी थेंबथेंब होत राहत असेल, तर तो मणक्याचा जन्मदोष असू शकतो. सगळेच सांधे ताठ असतील तर आणखी वेगळं काही. तपासणं डॉक्टरांचं काम, पण बाळ उघडं करून नीट बघायला वेळ तुझ्याकडेच असतो, आणि आईही तुलाच सांगते की "लंगोट कायम ओलाच असतो". या बाळांचेही पाय प्लास्टरने वळतात, पण स्पर्श नसलेल्या कातडीवर जखमा लवकर होतात, प्लास्टरं जास्त लागतात, पाय पुन्हा वळण्याचं प्रमाण मोठं असतं. या आईला दुसऱ्या आयांच्या रांगेत बसवून "सगळं ठीक होईल" म्हणू नकोस. शेजारचं बाळ धावायला लागल्यावर तिला आपण फसवलं असं वाटेल, आणि ते खरंच असेल. तिला वेगळा वेळ दे, वेगळी खोली मिळाली तर उत्तम. मेंदू-मणक्याचा डॉक्टर, लघवीचा डॉक्टर, फिजिओ असे पुढचे बरेच दरवाजे तिला ठोठवायचे आहेत. तिच्या फाइलवर कुठे, कोणत्या वारी, कुणाला भेटायचं ते तू स्वतःच्या अक्षरात लिहून दे. पुढच्या गरोदरपणाआधीपासून फॉलिक अॅसिड घ्यायचं, हेही तिलाच सांगायचं. पण पहिल्या भेटीत नको, तेव्हा ते टोमण्यासारखं लागतं.

कधी कधी बाळ जन्मायच्या आधीच जोडपं तुझ्याकडे पाठवतील. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत पाऊल वळलेलं दिसतं. "ठेवायचं की नाही?" असं थेट विचारतात. निर्णय त्यांचा, कायदा काय म्हणतो ते डॉक्टर सांगतील. तुझं काम त्यांना पुरेसं दिसेल असं करणं. बाकीची सोनोग्राफी, विशेषतः मणका आणि हृदय, नीट झाली आहे ना हे विचारायला लाव, कारण नुसता पाय वाकडा असणं आणि त्यासोबत दुसरं काही असणं यांत फार अंतर आहे. आणि मंगळवारी बोलाव. बाकावर बसून त्यांनी दोन तास ओपीडी बघितली की तुला फार बोलावं लागत नाही. सोनोग्राफीत वाकडा दिसलेला पाय जन्मल्यावर सरळ निघाला, असंही होतं.

तुझ्या ओपीडीत पोस्टर लावायचं चाललं आहे म्हणालीस. क्रिस्टी यामागुची, जन्मतः वाकडे पाय, १९९२ च्या ऑलिंपिकात फिगर स्केटिंगचं सुवर्णपदक. मिया हॅम, तसाच पाय, फुटबॉलमध्ये जगज्जेती. खरं आहे सगळं, लाव हवं तर. पण बर्फावर नाचणाऱ्या बाईकडे बघून ऊसतोड करणाऱ्या बापाला काय वाटणार? मंगळवारी बूट बदलायला येणारा चार वर्षांचा पोरगा बाकांमधून धावत सुटतो, दोन वेळा आपटतो आणि आईचा धपाटा खातो. पहिल्या प्लास्टरला आलेली आई पोस्टर सोडून त्याच्या पोटऱ्यांकडे बघत बसते. अशा मुलांची आणि नव्या बाळांची वेळ मुद्दाम एकच ठेव.

पोटरीवरून आठवलं. ज्या बाजूचा पाय वाकडा होता ती पोटरी जन्मभर थोडी बारीक राहते, पाऊलही थोडं लहान. पाऊल टाकायला एखाद-दोन महिने उशीर होऊ शकतो. हे सुरुवातीलाच सांग. नाहीतर मूल सात वर्षांचं झाल्यावर शाळेच्या हाफपँटमध्ये कुणाच्या तरी लक्षात येतं आणि आईबाप समजतात की उपचार फसला.

मुलगी असेल तर लग्नाचा प्रश्न पहिल्या प्लास्टरलाच येतो. दीड महिन्याच्या पोरीच्या लग्नाचं! हसू नकोस, त्यांच्यासाठी तो खराच प्रश्न आहे. मी म्हणते की पोर नाचेल, पळेल, डोंगर चढेल, तिच्या पोटी असंच बाळ येण्याची शक्यता शेकडा तीन-चार. याहून मोठं वचन देत नाही. दाखल्याचंही असंच गुंतागुंतीचं. दिव्यांग प्रमाणपत्राच्या सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं, आणि सरळ झालेल्या पायाला तेवढे टक्के मिळत नाहीत. एखादा बाप सरळच विचारतो, "मग बूट घालून आमचा काय फायदा?" राग येईल तुला. येऊ दे, पण त्याच्या घरात दिव्यांगाच्या पेन्शनएवढी नियमित दुसरी कुठलीच रक्कम येत नसते, हेही ध्यानात ठेव. त्याला उत्तर द्यायला मी माझ्या तोंडाऐवजी त्याच्या गावातला उपचार न झालेला माणूस वापरते. असतोच एखादा, पन्नाशीचा, पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालणारा, तिथे घट्टा पडलेला, चप्पल टिकत नाही म्हणून चिखलात अनवाणी, ज्याचं खरं नाव गावही विसरलं आहे असा. "त्यांना विचारून या," म्हणते. बहुतेक जण विचारायला जात नाहीत, त्यांना आठवतंच. आणि हो, चालायला लागलेलं वाकड्या पायाचं मूल आलं तर "उशीर झाला" म्हणून परत पाठवू नकोस. याच पद्धतीने मोठ्या मुलांचेही पाय सुधारतात, प्लास्टरं जास्त लागतात एवढंच.

बाळं लवकर यावीत म्हणून आशाताईंशी ओळख वाढव. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरातूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, पण पायासाठी सहा महिने फार झाले. आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा जाते. तिला एवढंच शिकव: पाऊल हळूच वर-बाहेर वळवून बघायचं. सहज वळलं तर बहुधा काळजी नाही. अडलं तर मंगळवार.

आणि आता तातडीचं काम. तुझा जिल्हा बीड. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील, कोयते कोल्हापूर-सांगलीकडे, काही थेट बेळगावकडे. उचल घेतलेली असते, मुकादम थांबत नाही, आणि दवाखान्यासाठी खाडा केला तर पैसे कापले जातात. फडात, पाचटाच्या खोपीत, पहाटे अंधारात आईबाप ऊस तोडायला जातात आणि बाळ खोपीत मोठ्या बहिणीजवळ असतं. ती बहीण सात-आठ वर्षांची. बूट तीच घालणार आहे, म्हणजे शिकवायचं तिलाही. त्यामुळे दसऱ्याआधीच्या महिन्यात बूट आणि प्लास्टर चालू असलेल्या सगळ्या बाळांची यादी काढ. कोण ऊसतोडीला जाणार, कोणत्या कारखान्यावर, मुकादमाचा नंबर काय, हे प्रत्येकाला विचार. त्या कारखान्याजवळ क्लबफूटची ओपीडी कुठे आहे, कोणत्या वारी असते, ते शोधून कार्डावर लिहून दे आणि तिथल्या समुपदेशकाला फोन करून बाळाचं नाव सांग. प्लास्टर अर्धवट असेल तर बाईला आणि बाळाला मागे ठेवता येईल का, हे सासू-सासऱ्यांशी बोल. कोयता म्हणजे जोडी, बाई मागे राहिली तर अर्धा कोयता, हा हिशेब ते तुला सांगतील. तोही ऐकून घे आणि मगच मार्ग काढ. बाळाचे पाय हंगामात वाढतील, तेव्हा पुढच्या मापाचे बूट आत्ताच बरोबर देता येतील का ते स्टोअरला विचार.

ही यादी तयार झाली की मला पाठव. कोल्हापूर आणि सांगलीकडच्या दोघी-तिघींचे नंबर माझ्याकडे आहेत, बेळगावकडचं कुणी मिळतं का ते मी बघते.

तुझी,
ताई